आई ब्रिटिश असूनही मूल ब्रिटिश का नव्हतं?

आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना वाटतं की लंडनमध्ये बाळ झालं की ते आपोआप ब्रिटिश. एकेकाळी तसं होतं पण. ब्रिटिश नागरिकत्वाचा १९४८ चा कायदा १ जानेवारी १९४९ ला लागू झाला, त्यात तिथे जन्म झाला की बास, राजदूतांची मुलं वगैरे सोडली तर आईबाप कुठले हे कोणी बघायचं नाही. १९८१ च्या कायद्याने हे संपलं. १ जानेवारी १९८३ पासून तिथे जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण तरी जन्माच्या वेळी ब्रिटिश नागरिक पाहिजे किंवा तिथे सेटल्ड, म्हणजे मुदतीची अट नसलेली राहण्याची परवानगी असलेला पाहिजे. म्हणून आज वर्क व्हिसावर गेलेल्या पुण्याच्या जोडप्याला मँचेस्टरला मूल झालं तरी ते ब्रिटिश नसतं, पुढे दोघांपैकी एकाला आयएलआर, म्हणजे बेमुदत राहण्याची परवानगी मिळाली की अठराच्या आत रजिस्ट्रेशन करता येतं.

पण या इतिहासात मला सगळ्यात जास्त खुपते ती आयांची गोष्ट. १९४८ च्या कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडिलांकडून, तेही आईबापाचं लग्न झालेलं असेल तरच. म्हणजे लीड्समध्ये जन्मलेल्या, वाढलेल्या बाईने इटालियन माणसाशी लग्न केलं आणि मूल रोमला झालं तर ते ब्रिटिश नाही, आणि तिच्या सख्ख्या भावाचं मूल त्याच रोममध्ये झालं तर ते ब्रिटिश! फेब्रुवारी १९७९ मध्ये सरकारने जाहीर केलं की ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आयांच्या अठराखालच्या मुलांची नोंदणी करू, पण ज्यांची अठरा वर्षं तेव्हा पूर्ण झाली होती ती तशीच राहिली. १९८१ च्या कायद्याने आईला वडिलांइतकाच हक्क दिला खरा, पण तो १९८३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी. मागच्यांसाठी २००२ चा कायदा यावा लागला आणि त्यातही अट काय, तर जन्म ७ फेब्रुवारी १९६१ नंतरचा हवा, म्हणजे १९७९ ला जे अठराच्या पुढे होते तेच परत बाहेर. त्यांना दार उघडलं जानेवारी २०१० मध्ये, तोवर त्यातले कित्येक जण पन्नाशीच्या पुढे गेलेले.

आपल्या भारतातही हेच होतं हे फार जणांना माहीत नसतं, परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळायला लागलं ते १० डिसेंबर १९९२ पासून, त्याआधी फक्त वडील.

लग्न न झालेल्या ब्रिटिश वडिलांच्या मुलांना वडिलांकडून नागरिकत्वाचा हक्क १ जुलै २००६ नंतरच्या जन्मांसाठी मिळाला, आधी जन्मलेल्यांना एप्रिल २०१५ पासून अर्ज करता यायला लागला.

आणि एक गोष्ट दुबई, सिंगापूरला राहणाऱ्यांनी नक्की बघावी. परदेशात जन्मून आईवडिलांमुळे ब्रिटिश झालेला माणूस सहसा परदेशात जन्मलेल्या स्वतःच्या मुलाला ते आपोआप देऊ शकत नाही, साखळी एका पिढीवर थांबते. तो स्वतः मुलाच्या जन्माआधी सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेला असेल आणि त्याची आई किंवा वडील ब्रिटनमध्ये जन्मल्यामुळे वगैरे, म्हणजे स्वतःच्या आईवडिलांमुळे नाही, ब्रिटिश असतील तर मूल अठराचं व्हायच्या आत अर्ज करता येतो, त्यामुळे जुने पासपोर्ट आणि शाळेचे दाखले फेकू नका.