ऊस तोडणी यंत्र बुक करण्याआधी सरी मोजा
(ट्रॅक्टरचलित ऊस तोडणी यंत्राविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एकच विचारणा सुरू होते: "तोडणी मजुरांची टोळी मिळेना, ट्रॅक्टरला जोडायचे यंत्र किती दिवसांत देता?" प्रश्न रास्त आहे. तोडीची तारीख उलटून जाते, उसाला तुरे येतात, टोळी आली तरी खुशालीची, म्हणजे वरकड पैशांची, बोलणी वेगळीच. तरीही आम्ही आधी एक उलटा प्रश्न विचारतो. तुमची सरी किती फुटांची, म्हणजे उसाच्या दोन ओळींत अंतर किती?

याचे कारण सांगतो. पहिल्याच हंगामात शिरोळ तालुक्यातल्या एका काकांना आम्ही यंत्र दिले. रान काळे, ऊस जोमदार, ट्रॅक्टर 50 एचपीचा. सरीचे आम्ही विचारलेच नाही. ती तीन फुटी होती. तोड झकास झाली. फेब्रुवारीत काकांचा फोन आला, "रानात या जरा." जाऊन पाहतो तर खोडव्याच्या (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) निम्म्या ओळी हिरव्यागार आणि मधल्या ओळी टकलावलेल्या. टायर जिथून गेला तिथले बुडखे जमिनीत दबून चेचले होते, एकालाही धड फुटवा नव्हता. यंत्र आम्ही परत घेतले आणि पैसे परत केले, पण त्यांचा खोडवा काही परत देता आला नाही. तेव्हापासून सरी मोजल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

सरी आणि टायर यांचा हिशेब

45 ते 50 एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरला मागे 13.6 × 28 चा टायर असतो. त्याची रुंदी साडेतेरा इंच, म्हणजे जवळपास 35 सेंटिमीटर. तोड चालू असताना ट्रॅक्टर तोडलेल्या ओळीवरून जातो. ती ओळ पोटाखाली आणि दोन्ही चाके दोन बाजूंच्या सऱ्यांत, असे चालले तरच बुडखा वाचतो. त्यासाठी दोन्ही मागच्या टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आणि सरीचे अंतर एकच असायला हवे. साडेचार फुटी सरी म्हणजे 137 सेंटिमीटर, आणि या ताकदीच्या ट्रॅक्टरची चाके रिम उलटसुलट करून साधारण तेवढ्या अंतरावर बसवता येतात. पाच फुटांनाही जमते. चार फुटांना चाके आत घ्यावी लागतात. काही ट्रॅक्टरना ते होते, काहींना होत नाही, म्हणून ट्रॅक्टर दारात आणून मोजूनच सांगू. तीन किंवा साडेतीन फुटी सरी असेल तर आमचे यंत्र घेऊ नका. कोणी "चालतंय की" म्हणून दिले तरी घेऊ नका.

म्हणजे यंत्राचा निर्णय खरा लागणीच्या दिवशी होतो. यंदा आडसाली किंवा पूर्वहंगामी लागण करताना सरी साडेचार फुटांची सोडलीत तर लागणीची तोड आणि पुढचे खोडवे, सगळ्यांना यंत्र चालेल. भरणीला (उसाच्या बुडाला माती लावायला) पॉवर टिलर फिरेल तो वेगळाच फायदा.

यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही

कारखाने लावतात ती मोठी हार्वेस्टर वेगळी. ती ऊस उचलते, वाढे (उसाचा हिरवा शेंडा) उडवते, तुकडे करते, पाला फेकते आणि शेजारच्या गाडीत भरते. तिची किंमत कोटीच्या घरात जाते. आमचे यंत्र ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजला मागे, उजव्या अंगाला बसते आणि पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालते. ते एका वेळी एक ओळ जमिनीलगत तोडते आणि आख्खा ऊस आडवा पाडते. एवढेच. पाला सोलणे, वाढे तोडणे, मोळी बांधणे, गाडी भरणे हे माणसांनीच करायचे. त्यामुळे "माणसं लागणारच नाहीत" असे आम्ही सांगणार नाही. सहा ते आठ जण हवेतच. फरक इतकाच की दिवसभर कमरेत वाकून बुडात कोयता मारायचे काम सुटते. ज्यांनी ते काम केले आहे त्यांना या फरकाची किंमत सांगावी लागत नाही. शिवाय घरच्या, भावकीतल्या माणसांवर तोड उरकता येते.

आख्खा ऊस राहतो याचे आपल्या भागात दोन मोठे फायदे आहेत. पहिला वैरणीचा: वाढे जसेच्या तसे हाती येते. ज्यांच्या दावणीला चार म्हशी आहेत त्यांना हे महत्त्वाचे. दुसरा, गुऱ्हाळाला ऊस घालणाऱ्यांची अडचण होत नाही. आणखी एक गोष्ट, तुकडे केलेल्या उसाला कापलेली तोंडे जास्त, त्यामुळे तो आख्ख्या उसापेक्षा लवकर आंबतो. तरीही आख्खा ऊसही 24 तासांत गाळपाला गेलेला बरा. आधी चिटबॉयकडून (कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाकडून) गाडीची खात्री करा, मगच रानात यंत्र घाला, आणि गाडीत बसेल तेवढाच तोडा. पाडून ठेवलेला ऊस उन्हात वाळतो, ते वजन काट्यावर तुमचेच जाते.

एकराला किती वेळ?

साडेचार फुटी सरीने एका एकरात जवळपास 3 किलोमीटर ओळ भरते. ट्रॅक्टर लो-फर्स्ट गिअरमध्ये ताशी 2 किलोमीटरने धरला तर नुसत्या तोडीला दीड तास. पण प्रत्येक फेरीला वळायचे असते, मध्ये थांबावे लागते. अडीच ते तीन तास धरा. एकरी 40 टनांचा ऊस असेल तर एका मीटरला 13 किलो ऊस पडतो, आणि तो पुढच्या फेरीच्या वाटेतच पडतो. तो बाजूला ओढल्याशिवाय ट्रॅक्टर परत आत घालता येत नाही. म्हणून रानाचे दोन भाग करा. एकात यंत्र फिरत असताना दुसऱ्यात माणसे ऊस ओढतील. हे न केल्यास ट्रॅक्टर नुसता उभा राहतो आणि डिझेल जळते.

पहिली वाट कोयत्यानेच पाडावी लागते. कडेच्या तीन ओळी आणि दोन्ही टोकांना वळायला 20 फूट. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात यातच निम्मे रान जाते, तिथे यंत्राचा खर्च निघत नाही. पाणंदीतून यंत्रासह ट्रॅक्टर जातो का, हेही आधी बघा.

लोळलेला ऊस हे यंत्र तोडू शकत नाही. पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, पुराचे पाणी फिरून ऊस आडवा झाला असेल तर टोळीच बोलवा. यंत्र उभ्या किंवा थोड्या कललेल्या उसासाठीच आहे.

पाते: इथे कसूर नको

तोडल्यावर खाली वाकून बुडखा बघा. धारदार पात्याने तोडलेला बुडखा मुळ्याची चकती कापावी तसा सपाट, ओलसर चमकणारा दिसतो. धार गेलेल्या पात्याने तोडलेला बुडखा उभा चिरतो, त्याच्या दशा निघतात, रंगाच्या जुन्या ब्रशसारखा दिसतो. अशा चिरलेल्या बुडख्यात पाणी मुरते, कुज लागते आणि फुटवा कमजोर येतो. दोन-चार बुडखे असे दिसले की थांबा. पात्याला दोन्ही बाजूंना धार आहे, उलटून लावा. दुसरी धारही गेली की एका तबकडीवरची चारही पाती एकदम बदला. एकच नवे घातले तर तोल जातो आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. हंगाम सुरू होताना एक सेट जादा घेऊन ठेवा. पाते स्प्रिंग स्टीलचे आहे. गावात वेल्डिंग करून चालवू नका.

तोड जमिनीलगतच हवी. बुडाच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त. अडीच मीटरच्या उसाचे 5 सेंटिमीटर रानात राहिले तर 2 टक्के गेले. 40 टनांमागे 800 किलो. टनाला 3,000 रुपये धरले तर 2,400 रुपये एकरी मातीत. पण म्हणून पाते मातीत घुसवूही नका, धार तासाभरात जाईल.

एक्सलरेटर मध्येच कमी करू नका. पीटीओचे फेरे मिनिटाला 540 च्या खाली गेले की पाते कापायचे सोडून ऊस ओढते आणि अख्खे बेट मुळासकट हलते. ऊस दाट आला तर गिअर खालचा घ्या, इंजिनचे फेरे तेच ठेवा.

एका रानातून दुसऱ्याच्या रानात जाताना पाती जंतुनाशकाने पुसा. खोडवा खुजा करणारा रोग कोयत्यावरून, पात्यावरून पसरतो. भाड्याने यंत्र फिरवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

सुरक्षा

आमची तबकडी 60 सेंटिमीटरची आहे आणि मिनिटाला 700 फेरे घेते. पात्याच्या टोकाचा वेग ताशी 79 किलोमीटर होतो. त्या वेगाने उडालेला खडा कुठे लागेल सांगता येत नाही. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या माळरानात दगड आधी वेचून घ्या. ठिबकच्या नळ्या गोळा करा, विजेच्या खांबाच्या ताणाला फडके बांधा. यंत्र चालू असताना 50 फुटांत कोणी नको. वाढे गोळा करणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबरची मुले सवयीने यंत्राच्या मागून चालतात, त्यांना आधीच बांधावर बसवा.

पाला अडकला तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी काढून खिशात. तिन्ही झाल्याशिवाय हात घालायचा नाही. पीटीओ शाफ्टवरचे पिवळे कव्हर काढून ठेवू नका. पदर, टॉवेल, सैल सदरा त्यात गुंतायला क्षण लागतो. दुरुस्तीला आलेले यंत्र कव्हराविना असेल तर आम्ही कव्हर बसवूनच परत देतो, त्याचे पैसे घेत नाही.

अनुदान

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती पत्र येईपर्यंत खरेदी करू नका; आधी बिल झाले की अनुदान हातचे जाते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात 900 यंत्रांसाठी मंजूर झालेले अनुदान (किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांतील कमी ती रक्कम) मोठ्या हार्वेस्टरसाठी होते. ते या यंत्राला मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

वर्कशॉपला येताना ट्रॅक्टरचे मॉडेल, मागच्या टायरांमधले अंतर आणि सरीचे माप लिहून आणा. सरी एकाच ठिकाणी मोजू नका. दहा सऱ्यांचे अंतर टेपने मोजून दहाने भागा, कारण बांधाकडेच्या सऱ्या हमखास अरुंद असतात. जमले तर पाच महिन्यांच्या आतल्या उसात मोजा. त्यानंतर पाल्यातून टेप सरळ जात नाही.