हवा पेटण्याची अफवा आणि बेथे यांची आठवण

जैतापूर-माडबन परिसरात अणुऊर्जेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "पहिल्या बॉम्बच्या वेळी पृथ्वीची हवा पेटेल की काय, हे शास्त्रज्ञांनाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी बटण दाबलं!" हे खरं नाही.

शंका निघाली होती, एवढं मात्र खरं. 1942 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बर्कलीला अणुबॉम्बच्या आखणीसाठी भरलेल्या बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी ती काढली: स्फोटाच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनचे अणुकेंद्र एकमेकांत मिसळत गेले तर? बैठकीचे प्रमुख ओपेनहायमर ही शंका सांगायला थेट मिशिगनला, प्रकल्पातले त्यांचे वरिष्ठ कॉम्प्टन यांना भेटायला गेले. पण बर्कलीच्या बैठकीला हजर असलेले भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी पुढे अनेकदा सांगितलं, की टेलर यांच्या हिशेबातली काही गृहीतकं चुकीची होती आणि ते लवकरच ध्यानात आलं. नायट्रोजनच्या केंद्रावर सात धनभार असतात, त्यामुळे दोन केंद्रं एकमेकांना जोरात दूर ढकलतात. शिवाय तापलेली हवा किरणोत्सर्जनातून जेवढी ऊर्जा गमावते, तेवढी या प्रक्रियेतून तयारच होत नाही. ओली लाकडं पेटवण्यासारखाच हा प्रकार.

या शंकेवरच्या 1946 च्या अहवालात हेच गणित सविस्तर आलं, आणि त्याच्या लेखकांत खुद्द टेलर होते. मग अफवा टिकली कशी? 1945 मध्ये पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीआधी प्रकल्पातलेच शास्त्रज्ञ फर्मी यांनी हवा पेटण्यावर पैजा लावायला सांगितलं; तो मिश्किलपणा लोकांनी खरा धरला.

जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाबद्दल विचारायचंच असेल तर जमीन, मासेमारी आणि समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारा. ते प्रश्न खरे आहेत.