आर आला, तरी गुंठा गेला नाही

नवी मुंबईतल्या घणसोलीत किंवा तळवलीत एखाद्या आजोबांना विचारा, सिडकोत (हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडे) किती जमीन गेली? “अकरा गुंठे,” असं उत्तर येईल. सातबाऱ्यावर तीच जमीन ०.११.१३ अशी दिसते, म्हणजे शून्य हेक्टर, ११ आर, १३ चौरस मीटर. दोन टिंबं पाहून गोंधळायला होतं, पण ते तीन खण आहेत. एका खणात शंभर भरले की पुढच्या खणात एक जातो. म्हणून ०.१११३ हेक्टर, ११.१३ आर आणि १११३ चौरस मीटर हे एकच क्षेत्र. आकडे तेच, टिंब फक्त दोन-दोन घरं सरकतं.

गुंठा आला तो इंग्रजांच्या साखळीतून. एडमंड गंटरने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडे मोजणीला तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी आली. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. त्याआधी शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या चौरसाचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर असा हिशेब होता. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि एकर-गुंठे कागदावर पक्के झाले.

आरचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. १७९५ च्या कायद्याने दहा मीटर बाजूच्या चौरसाला हे नाव मिळालं. असे शंभर मिळून हेक्टर. बाजू दहापट झाली की क्षेत्र शंभरपट होतं. टिंब दोन घरं सरकण्याचं कारण हेच. भारतात १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. १९५७ मध्ये नाण्यांतला आणा गेला, गुंठ्यातला मात्र मोजणीवाल्यांच्या तोंडी राहिला.

गुंठा टिकला याचं एक कारण मला तर साधं वाटतं: तो आरच्या फार जवळ आहे. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, एक आर १००. दोन-तीन गुंठ्यांच्या बोलण्यात फरक कोण धरतो? पण “४० आर म्हणजे एकर” म्हणणाऱ्याचे ४६.८६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५०४ चौरस फूट बुडतात. ठाण्यात तेवढ्यात एक बिऱ्हाड राहतं! त्याहून वाईट चूक शून्य गाळण्याची. पाच आर म्हणजे ०.०५ हेक्टर, ०.५ लिहिलं की ते ५० आर झाले.

ठाणे शहरात वेगळीच गंमत. जुने लोक प्लॉट ‘वारा’त सांगतात (एका गुंठ्याचे बरोबर १२१ चौरस वार), मालमत्ता पत्रकावर चौरस मीटर असतात आणि फ्लॅटचा भाव ठरतो चौरस फुटावर.

नवी मुंबईत ही मापं पोटाशी आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३४,४०० हेक्टर जागा नव्या शहरासाठी आखली गेली. शासनाचा हिशेब हेक्टरचा, शेतकऱ्याचा गुंठ्याचा. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून पुढे, १९९० मध्ये, साडेबारा टक्के योजना आली: गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत.

इथे आर कामाला येतो. एका आरात शंभर चौरस मीटर, त्यामुळे टक्के हेच चौरस मीटर: दर आरामागे साडेबारा. सामाजिक सुविधांसाठी ३.७५ वजा होतात, हातात ८.७५ येतात. आजोबांच्या ११.१३ आरांचे असे साधारण ९७ चौरस मीटर होतात. त्यांच्या भाषेत, गुंठ्याला थोडे कमी.