फ्लेक्सवरचा एच-इंडेक्स

बेळगावात सत्काराचा फ्लेक्स ही काही नवलाची गोष्ट नाही. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर कुणाचं ना कुणाचं अभिनंदन झळकत असतं. सत्कारमूर्ती कॅन्सर संशोधक असले, तर पदव्या संपल्यावर आकडे सुरू होतात: शोधनिबंध इतके, सायटेशन्स इतकी, एच-इंडेक्स अमुक. फ्लेक्सवर कन्नड किती नि मराठी किती यावरून आमच्याकडे डोकी तापतात. एच-इंडेक्सवरून कुणी भांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खरं तर भांडायला तिथेही भरपूर वाव आहे.

तुमच्या निबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाने घेतला आणि आपल्या निबंधाखाली तशी नोंद केली, की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. या नोंदींची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये बाजारात आणली. एच-इंडेक्स त्यामानाने नवा. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. समजा, एखाद्याचे सहा निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन्स मिळाली आहेत. किमान ४ सायटेशन्स मिळालेले किमान ४ निबंध आहेत, पण किमान ५ मिळालेले ५ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० सायटेशन्स मिळाली असती, तरीही चारच!

सायटेशन्सचा आकडा मोजतो ते फक्त इतकंच, की नाव किती वेळा घेतलं गेलं. कशासाठी घेतलं, हे तो सांगत नाही. आजवर सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला निबंध १९५१ चा आहे, लाउरी आणि सहकाऱ्यांचा. त्यात प्रथिनं मोजायची एक पद्धत दिली आहे. प्रयोगशाळांना ती रोज लागायची, म्हणून आकडा तीन लाखांच्या वर गेला. कॅन्सरवरच्या निबंधांचीही एक सवय आहे. 'जगात दरवर्षी इतके नवे रुग्ण' या वाक्याने सुरुवात करायची आणि आकडेवारीच्या निबंधाचा दाखला द्यायचा. अशी आकडेवारी छापणारं अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं नियतकालिक 'सीए' इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्याच्या, यादीत वर्षानुवर्षं अग्रभागी आहे, त्यात या सवयीचा वाटा मोठा.

आता हळदीकडे येऊ. रायबाग, अथणीकडची हळद सांगलीच्या बाजारात जाते, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच. 'हळदीनं कॅन्सर बरा होतो, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानं सिद्ध केलंय' हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तळहातावर तंबाखू मळत मळत वाचणारे मी पाहिलेत. त्यामागचं संशोधन काल्पनिक नव्हतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले भरत अगरवाल यांनी हळदीतल्या कर्क्युमिनवर भरपूर लिहिलं आणि जगात सर्वाधिक सायटेशन्स मिळवणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना झाली. पुढे त्यांच्या निबंधांतल्या माहितीवर प्रश्न उभे राहिले आणि वीसहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. निबंध मागे घेतला तरी त्याला आधी मिळालेली सायटेशन्स ती मोजणाऱ्या गूगल स्कॉलरच्या बेरजेतून आपोआप वजा होत नाहीत. २०१७ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनचा आढावा घेतला. माणसांवर शंभरहून जास्त चाचण्या झाल्या होत्या. पण ज्यात खरं औषध कुणाला नि खोटं कुणाला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं, अशी एकही काटेकोर चाचणी यशस्वी झालेली त्यांना आढळली नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं उतरतच नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांत ते स्वतःच ढवळाढवळ करतं आणि नसलेला परिणाम दिसतो. हळद आमटीत घालावीच, पण केमोथेरपी सोडून नव्हे.

याच्या अगदी उलट जातीचा निबंध आपल्या शेजारच्या मुलखातून आला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांना अभ्यासात घेतलं. गावांचे चार गट केले. तिघांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली: हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), आणि व्हिनेगरमधलं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. चाचणी आयुष्यात एकदाच केलेली. निबंध २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. संशोधकाच्या यादीत त्याची जागा एका ओळीची, आणि त्यामागे गावोगाव फिरून बायकांना तपासणीला तयार करणाऱ्यांची कैक वर्षं.

सायटेशन्स त्यालाही भरपूर मिळाली. पण फ्लेक्सवर छापायचंच असेल, तर मी दुसरी गोष्ट छापेन: २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीच सुचवली. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र तिशीपुढच्या बायकांसाठी ठेवली आहे ती व्हिनेगरची तपासणी. ती स्वस्त आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल तिथल्या तिथे कळतो. या तपासणीला आपल्या घरातली बाई आरोग्य केंद्रात जाते का, हे विचारायला एच-इंडेक्स कळावा लागत नाही.