तपासणी फुकट, तरी लोक येईनात

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला घाई नसते. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे छोटासा कोंब उगवतो. असे बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. उरलेल्यांचा कर्करोग व्हायला साधारण दहाएक वर्षं जातात. कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा लावलेली लवचीक नळी गुदद्वारातून आत घालून केलेली आतड्याची तपासणी, चालू असताना कोंब दिसला की डॉक्टर तारेच्या फासात धरून तो तिथल्या तिथे कापतात. तपासता तपासताच रोग टळतो, ही सोय फार थोड्या कर्करोगांत आहे.

अमेरिकेतल्या डेलावेअर या चिमुकल्या राज्यात २००२ च्या सुमारास पन्नाशीपुढच्या गोऱ्यांपैकी ५८ टक्के लोकांची ही तपासणी झालेली होती, कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची. राज्याने विमा नसलेल्या गरजूंसाठी ती फुकट केली. पण बिल हा अडचणीचा एक तुकडा झाला. आदल्या दिवशी जेवण बंद, संध्याकाळपासून पोट साफ करणारं लिटर-लिटर औषध प्यायचं आणि रात्रभर संडासाच्या वाऱ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी गुंगीमुळे गाडी चालवता येत नाही, म्हणजे घरी न्यायला कुणीतरी हवं. रोजंदारीवर असलेल्याने हे जमवायचं कसं? शिवाय कर्करोग निघालाच, तर उपचारांचे पैसे कोण देणार?

म्हणून राज्याने उपचारांचा खर्चही उचलला आणि इस्पितळांमध्ये खास परिचारिका नेमल्या. त्यांनी माणसं शोधायची, तारीख ठरवायची, औषध कसं घ्यायचं ते समजावायचं, जाण्यायेण्याची सोय बघायची, आठवण करून द्यायची. आपल्या आशाताई गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत नेतात, तसंच हे. (आपल्याकडच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. आतडं नाही, कारण हा रोग इथे तुलनेने कमी आढळतो.)

२००९ मध्ये दोन्ही गटांचा आकडा ७४ टक्के झाला. कृष्णवर्णीय रुग्णांपैकी पूर्वी ७९ टक्क्यांचा रोग निदानाच्या वेळी आतड्याबाहेर पसरलेला असायचा, ते प्रमाण ४० टक्क्यांवर आलं आणि मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, तेव्हा सगळं श्रेय परिचारिकांना देऊन चालणार नाही. तरी मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण त्यांनी लोकांच्या अज्ञानाला दोष देण्याऐवजी गाडीची सोय पाहिली.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे शौचात न दिसणारं रक्त आहे का ते शोधणारं तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. जुन्या प्रकारात तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे नमुने कार्डावर लावावे लागत. २०१९ पासून एकच नमुना पुरतो. छोट्या काडीचं टोक शौचावर फिरवायचं, बाटलीत बंद करायचं, पाकीट पोस्टात टाकायचं. माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन तेवढंच ही चाचणी ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी बिघडत नाही. एवढ्या सुटसुटीतपणामुळेच किट परत पाठवणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

मात्र रक्त सापडलं, तर पुढे कोलोनोस्कोपीच करावी लागते. पुन्हा ते औषध, ती रात्र, आणि घरी न्यायला कोण येणार हा प्रश्न.