जुनापाणी येथील भग्न शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहरापासून फार दूर नसलेल्या जुनापाणी परिसरात लोहयुगीन शिळावर्तुळांचा, म्हणजे गोलाकार मांडलेल्या मोठ्या धोंड्यांच्या रचनांचा, मोठा समूह असून, तेथील वर्तुळांची संख्या सुमारे ३०० मानली जाते. विदर्भातील महापाषाण संस्कृतीची, म्हणजे मोठे दगड वापरून दफनस्थळे उभारणाऱ्या लोकांच्या संस्कृतीची, ही दफनस्मारके आहेत. या संस्कृतीचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. १००० ते ३०० असा धरतात. आज त्यांतली बरीच वर्तुळे मोडलेल्या अवस्थेत दिसतात.

वर्तुळाचे धोंडे बहुधा काळ्या बेसाल्टचे असतात आणि त्यांच्या आत माती व दगडगोट्यांचा भराव घातलेला असतो. कडेचे धोंडे हा भराव धरून ठेवतात. त्यामुळे बांधासाठी, पायासाठी किंवा खडीसाठी ते उचलून नेले, की पावसाने माती ओघळू लागते, त्यावरून नांगर फिरतो आणि शेवटी जमिनीचा जेमतेम जाणवणारा उंचवटा तेवढा उरतो. तरीही अशा अवशेषाला निरुपयोगी समजणे चूक ठरेल, कारण तीन धोंडे मूळ जागी शाबूत असले, तरी त्यांवरून वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि व्यास यांचा अंदाज बांधता येतो.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान, उथळ खळगे कोरलेले असून, त्यांपैकी पुष्कळ ओळीने मांडलेले आहेत. खळगे असलेले धोंडे वर्तुळात नेमके कोणत्या दिशांना आहेत, याचा अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी केला आहे. या खळग्यांच्या अर्थाविषयी मतभेद असू शकतात. पण असा धोंडा जागचा हलला, की तो कोणत्या दिशेला होता हा पुरावा कायमचा जातो. मडके फुटले तर खापरे जुळवता येतात, धोंड्याची हरवलेली जागा मात्र परत मिळत नाही. म्हणूनच येथील सर्वांत मोठी हानी दगड फुटण्याची नसून दगड हलण्याची आहे.

ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ च्या सुमारास येथील काही वर्तुळे उकरली आणि त्यांत मिळालेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. त्यांनी खळग्यांची दखल घेऊन ब्रिटनमधील तशाच खुणांशी त्यांची तुलना केली, हे त्यांचे श्रेय आहे. मात्र त्या काळच्या उत्खननात जमिनीतील थरांपेक्षा वस्तूंकडे अधिक लक्ष असे. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी व नायकुंड या विदर्भातील इतर महापाषाण स्थळी केलेल्या उत्खननांमुळे जुनापाणीचा संदर्भ अधिक स्पष्ट झाला. माहूरझरीला घोड्यांच्या अस्थींबरोबर तांब्याचे अलंकार सापडले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. लोखंडी पाते दांड्याला घट्ट बसवण्यासाठी आडव्या पट्ट्या जोडलेल्या कुऱ्हाडी हे तर वैदर्भीय लोहारकामाचे वैशिष्ट्यच होय.

जुनापाणीची वर्तुळे केंद्रसंरक्षित स्मारक आहेत. कायद्याने संरक्षित क्षेत्राभोवतीच्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई असून, त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. विदर्भातील इतर अनेक वर्तुळे मात्र शेतांत व पडीक जमिनीवर अशा कोणत्याही संरक्षणाविना आहेत. त्यांच्या बाबतीत प्रत्येक धोंड्याची जागा व दिशा दाखवणारा नकाशा तयार करणे हे उत्खननापेक्षाही निकडीचे काम आहे.