चौदापट की दीडपट? भागाकार आणि वजाबाकीची गोष्ट

रंकाळ्यावर फेरी मारून आम्ही चहाच्या गाड्यावर थांबलो होतो. एक दोस्त म्हणाला, "सिगारेटनं फुप्फुसाचा कॅन्सर चौदापट, हार्टचं नुसतं दीडपट. मग हार्टला कशाला भ्यायचं?"

आकडे बरोबर होते, अर्थ उलटा लागला होता.

१९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा कोहॉर्ट अभ्यास सुरू केला. कोण ओढतो, कोण नाही हे आधी लिहून घ्यायचं आणि मग वर्षानुवर्षं मागावर राहायचं, असं ते काम. वीस वर्षांचा हिशेब असा निघाला: फुप्फुसाच्या कॅन्सरनं दरवर्षी लाखामागे न ओढणारे १० गेले, ओढणारे १४०. हृदयविकारानं न ओढणारे ४१३, ओढणारे ६६९.

भागाकार केला की १४ आणि १.६. ही सापेक्ष जोखीम. वजाबाकी केली की १३० आणि २५६. हा जोखमीतला फरक, म्हणजे ओढणाऱ्यांत जादा गेलेली माणसं. ती हृदयविकारात जवळजवळ दुप्पट निघाली! गावाबाहेरचा ओढा चौदापट फुगला तरी गुडघाभरच. पंचगंगा दीडपट फुगली की शाहूपुरीत होड्या.

कारणाचा माग काढायचा तर भागाकार बरा. चौदापट फरक निव्वळ खाण्यापिण्याच्या किंवा वयाच्या घोळानं पडणं अवघड, १.६ बाबत तशी शंका आधी झाडून घ्यावी लागते. पण दवाखान्यात खाटा किती लागतील, हे वजाबाकीच सांगते. बातम्यांत मात्र भागाकारच झळकतो, कारण 'पट' म्हटलं की दचकायला होतं.

नोंदीतली चूकही भागाकार आणि वजाबाकीला सारखी बाधत नाही. समजा, आपल्याकडं मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांची अशीच यादी केली, आकडे वरचेच १४० आणि १० धरू. काही पोरांकडं पुण्याला राहायला गेल्या आणि दोन्ही गटांतले निम्मे मृत्यू वहीत आलेच नाहीत. १४० चे ७० झाले, १० चे ५. भागाकार १४ च राहिला, वजाबाकी १३० वरून ६५ वर आली. आणि मशेरीवाल्यांचेच निम्मे मृत्यू निसटले, बाकीच्यांचे सगळे सापडले, तर? ७० भागिले १०, म्हणजे सात. मशेरी निम्म्यानं निरुपद्रवी झाली, तीही फक्त कागदावर.